अमेरिकेतून कायमचं परत येताना ४०१के, आयआरए आणि सोशल सिक्युरिटीच्या टॅक्सचं काय करायचं

मागच्या महिन्यात माझ्या साडूंचा डॅलसहून फोन आला. सव्वीस वर्षांनी परत येतायत, नाशिकला फ्लॅट घेऊन ठेवलाय, सामानाचा कंटेनर ठरलाय आणि तिकीट काढलंय १० सप्टेंबर २०२६ चं. मी पहिला प्रश्न विचारला की गेल्या पाच वर्षांत भारतात एकूण किती दिवस राहिलात. ते म्हणाले, अहो आई नाशिकला असते, दरवर्षी सहा आठवडे येतोच की. मग आम्ही दोघं फोनवरच कॅलेंडर घेऊन बसलो आणि त्या एका तासात त्यांचं एक अख्खं वर्ष वाचलं, म्हणजे त्या वर्षीचा परदेशी उत्पन्नावरचा भारतातला टॅक्स वाचला.

मी स्वतः नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यू जर्सीहून पुण्याला परत आलो. तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मी बऱ्याच गोष्टी धडपडत शिकलो, म्हणून नव्याने परतणाऱ्यांसाठी सगळं एका जागी लिहितोय. मी सीए नाही, पण माझे स्वतःचे सगळे फॉर्म मी स्वतः समजून घेऊन भरलेत. आणि एक गोष्ट पक्की कळलीये, की ४०१के (नोकरीत पगारातून साठवलेलं रिटायरमेंटचं खातं), आयआरए (स्वतः उघडलेलं रिटायरमेंटचं खातं) अशा रिटायरमेंटच्या पैशावर भारतात किती टॅक्स लागणार हे रकमेपेक्षा तुम्ही कोणत्या तारखेला आलात, कोणत्या वर्षी पैसे काढले आणि ते आधी कुठल्या खात्यात पडले यावर जास्त ठरतं.

एक आधीच सांगतो, १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय, कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदललेत, असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलंय. मी खाली जुने आकडे वापरतोय कारण २०२५-२६ चं रिटर्न जुन्याच कायद्याने जातंय आणि सीए लोकांच्या तोंडीही अजून तेच आहेत. पुढच्या वर्षी भरताना पोर्टलवर नवा नंबर बघून घ्या.

पायरी १: दिवस मोजा, तिकीट काढायच्या आधी

भारतात टॅक्ससाठी तीन प्रकारची माणसं असतात. नॉन रेसिडेंट, मग रेसिडेंट बट नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट म्हणजे आरएनओआर, आणि मग पूर्ण रेसिडेंट ज्याला आरओआर म्हणतात. परदेशातल्या उत्पन्नावर पूर्ण टॅक्स लागतो तो फक्त आरओआरला. आरएनओआर असताना तुमच्या ४०१के मधली वाढ, अमेरिकेतल्या खात्यातलं व्याज, डिव्हिडंड, तिकडे काढलेले पैसे यावर भारत टॅक्स लावत नाही. ही सवलतीची दोन-तीन वर्षं मिळतात आणि बहुतेक लोक ती नकळत वाया घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मोजायचं कसं. आर्थिक वर्षात म्हणजे एप्रिल ते मार्चमध्ये १८२ किंवा जास्त दिवस भारतात असलात तर रेसिडेंट. दुसराही नियम आहे, त्या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या ४ वर्षांत मिळून ३६५ दिवस असतील तरी रेसिडेंट, म्हणजे ज्यांच्या सुट्ट्या लांबलचक असतात त्यांनी हे बघायलाच हवं. रेसिडेंट ठरलात की मग पुढचा प्रश्न: आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं नॉन रेसिडेंट होतात का, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतातले एकूण दिवस ७२९ किंवा कमी आहेत का? दोन्हीपैकी एक जरी हो असेल तर तुम्ही आरएनओआर.

सगळे सांगतात की २ ऑक्टोबरनंतर या म्हणजे त्या वर्षी १८२ दिवस भरत नाहीत. बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबू नका कारण त्याचा फायदा प्रत्येकाला होतोच असं नाही. साडूंचंच गणित बघा. १० सप्टेंबरला आले तर २०२६-२७ मध्ये २०३ दिवस, म्हणजे रेसिडेंट पण आरएनओआर. २०२७-२८ पण आरएनओआर. २०२८-२९ ला दहापैकी आठच वर्षं नॉन रेसिडेंट उरतात, म्हणून ७२९ चा नियम बघायचा: २०३ अधिक ३६६ झाले ५६९, आणि त्याआधीच्या पाच वर्षांतले सहा-सहा आठवडे म्हणजे २१० दिवस, एकूण ७७९. पन्नास दिवसांनी गेलं! म्हणजे २०२८-२९ पासून आरओआर. तेच ऑक्टोबरच्या शेवटी आले तर २०२६-२७ ला नॉन रेसिडेंट, पुढची दोन वर्षं आरएनओआर आणि आरओआर थेट २०२९-३० पासून. पण समजा ते दरवर्षी तीनच आठवडे येत असते तर सप्टेंबरला येऊनही ७२९ च्या आत बसले असते आणि तिकीट बदलायची काही गरजच नव्हती. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सल्ल्यावर जाऊ नका, पासपोर्टवरचे शिक्के काढा आणि एक्सेलमध्ये येण्या-जाण्याची प्रत्येक तारीख टाका. आल्याचा दिवस आणि गेल्याचा दिवस दोन्ही धरा म्हणजे हिशोब सुरक्षित राहतो. आणि त्याच आर्थिक वर्षात आधी मे महिन्यात कुणाच्या लग्नाला येऊन गेला असाल तर तेही दिवस त्यात येतात, हे हमखास विसरतं.

ज्यांना तारीख बदलणं शक्य नाही त्यांच्यासाठी अजून एक वाट आहे, आरएनओआरच्या वर्षांत परदेशातल्या मुलांकडे, नातवंडांकडे थोडे दिवस जाऊन राहा. साडूंना ते पन्नास दिवस तसेही भरून काढता आले असते. त्यांनी तिकीट पुढे ढकललं, म्हणाले दिवाळीला आईजवळ पोचलो की झालं.

पायरी २: पैसे आधी कुठे पडतात ते बघा

ही चूक इतकी साधी आहे आणि इतकी महाग पडते. आरएनओआरला परदेशातलं उत्पन्न माफ असतं, पण जे उत्पन्न पहिल्यांदा भारतातच हातात येतं ते माफ नसतं. म्हणजे पेन्शन कंपनीने तुमचा हप्ता सरळ पुण्यातल्या खात्यात पाठवला तर ते भारतात मिळालेलं उत्पन्न झालं, आणि त्यावर आरएनओआर असलात तरी टॅक्स. तोच हप्ता आधी अमेरिकेतल्या तुमच्या बँक खात्यात पडला आणि मग तुम्ही तो इकडे पाठवलात तर ते फक्त स्वतःचे पैसे इकडून तिकडे करणं झालं, त्यावर टॅक्स नाही. म्हणून अमेरिकेतलं एक चेकिंग अकाउंट बंद करू नका. निघायच्या आधी तिथे ओटीपी येणारा फोन नंबर भारतात चालेल याची सोय करा, पत्ता बदलला तर खातं चालू ठेवतात का हे ब्रोकरेजला, म्हणजे शेअरचं खातं असलेल्या कंपनीला, विचारून घ्या, कारण काही ठिकाणी भारतातला पत्ता टाकला की व्यवहार अडकतात आणि मग इकडून सही प्रमाणित करून पाठवणं म्हणजे फार त्रास.

परदेशातली खाती ठेवणं कायदेशीर आहे का असं बरेच जण घाबरत विचारतात. आहे. परदेशी राहत असताना कमावलेली मालमत्ता परत आल्यावरही ठेवता येते, परकीय चलनाच्या फेमा कायद्याच्या कलम ६(४) मध्ये ते स्पष्ट आहे. पण फेमाचा रेसिडेंट वेगळा आणि इन्कम टॅक्सचा वेगळा. कायमचं राहायला म्हणून उतरलात की फेमाप्रमाणे तुम्ही लगेच रेसिडेंट, त्यामुळे एनआरई म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीचं खातं बदलून साधं खातं किंवा आरएफसी म्हणजे रेसिडेंट फॉरेन करन्सी खातं करायचं असतं. आरएफसीमध्ये डॉलर डॉलरच राहतात आणि आरएनओआर असेपर्यंत त्याच्या व्याजावर टॅक्स नाही, मला हे खातं फार उपयोगी पडलं.

पायरी ३: आरएनओआरच्या काळात काय उरकायचं

इथे घाई करू नका, पण झोपूही नका. तुमचं वय ५९ वर्षं ६ महिने झालं नसेल तर ४०१के किंवा आयआरए मधून पैसे काढल्यावर अमेरिका साधारणपणे १०% जादा टॅक्स लावते, तुम्ही भारतात असलात तरी. त्यामुळे आरएनओआर संपतंय म्हणून पन्नाशीत सगळं काढून टाकणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

साध्या ब्रोकरेज खात्यात खूप वाढलेले शेअर असतील तर ते मात्र या काळात विकून परत घेण्याचा विचार नक्की करा, नंतर आरओआर झाल्यावर तोच नफा भारतात मोजला जाईल. आणि रॉथ आयआरए, म्हणजे टॅक्स भरून झालेले पैसे ज्यात टाकतात ते खातं, असणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्या. अमेरिकेत रॉथ मधून नियमात बसून काढलेले पैसे टॅक्स फ्री असतात म्हणून इथेही तसंच असेल असं धरून चालू नका. भारताच्या कायद्यात रॉथला वेगळी माफी नाही, आणि पुढे जी ८९ए ची सवलत सांगतोय तिची व्याख्या अशी आहे की जे खातं काढताना टॅक्स होतं त्यालाच ती लागू, रॉथ तर काढताना टॅक्स होतच नाही. म्हणून वयाची आणि खात्याला पाच वर्षं झाल्याची अट पूर्ण झालेली असेल तर रॉथ आरएनओआर असतानाच काढायचं का, हे सीएबरोबर बसून ठरवा.

आरएनओआर संपतो त्या ३१ मार्चची सगळ्या खात्यांची स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. हे मी दोनदा सांगेन. कारण पुढे लागेल.

पायरी ४: फॉर्म १०ईई आणि कलम ८९ए

आरओआर झालात की जगभरचं उत्पन्न भारतात. मग प्रश्न असा येतो की ४०१के मध्ये दरवर्षी आतल्या आत जी वाढ होते, डिव्हिडंड येतात, फंड बदलले जातात, त्यावर भारत दरवर्षी टॅक्स मागणार, आणि अमेरिका मागणार पंधरा वर्षांनी काढताना. मग क्रेडिट, म्हणजे एका देशात भरलेला टॅक्स दुसऱ्या देशातल्या टॅक्समधून वजा करणं, कशाचं कशाला लावायचं? हा घोळ बरीच वर्षं होता. २०२१ च्या फायनान्स अ‍ॅक्टने कलम ८९ए आणलं आणि एप्रिल २०२२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा हे तीन देश त्यासाठी जाहीर झाले. याप्रमाणे तुम्ही पर्याय निवडलात तर त्या खात्यातलं उत्पन्न भारतातही पैसे काढतानाच धरलं जातं, दरवर्षी नाही.

यासाठी फॉर्म १०ईई पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, रिटर्नच्या मुदतीच्या आत. एकदा निवडलं की मागे फिरता येत नाही, पुढच्या सगळ्या वर्षांना तेच लागू. आणि एक अट जी लोक वाचत नाहीत: नंतर तुम्ही परत नॉन रेसिडेंट झालात तर तो पर्याय कधी निवडलाच नव्हता असं धरतात आणि मधल्या वर्षांचा हिशोब परत उघडतो. म्हणजे चार वर्षांनी मुलाकडे कायमचं जायचा विचार डोक्यात असेल तर आधीच ठरवा.

ते स्टेटमेंट इथे लागतं. नियम २१एएए म्हणतो की जे उत्पन्न तुम्ही नॉन रेसिडेंट किंवा आरएनओआर असताना साठलं आणि म्हणून तेव्हा भारतात करपात्र नव्हतं ते काढतानाही धरायचं नाही. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांची वाढ बाजूला ठेवता येते, पण ती किती होती हे दाखवायला तुमच्याकडे त्या ३१ मार्चचा आकडा हवा. कंपनी विकली गेली, प्लॅन दुसरीकडे गेला की जुनी स्टेटमेंट मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्यांदा सांगतो, आत्ताच उतरवून ठेवा.

पायरी ५: करारात कोणाला कुठला हक्क आहे

एकाच उत्पन्नावर दोनदा टॅक्स लागू नये म्हणून असलेल्या भारत-अमेरिका करारातलं कलम २० एकदा स्वतः वाचा, एका पानाचंही नाही. खाजगी नोकरीची पेन्शन किंवा अ‍ॅन्युइटी असेल तर टॅक्स फक्त तुम्ही जिथले रेसिडेंट आहात तिथे, म्हणजे भारतात. सोशल सिक्युरिटी म्हणजे अमेरिकन सरकारची पेन्शन असेल तर बरोबर उलटं, टॅक्स फक्त अमेरिकेत. सोशल सिक्युरिटीवर भारतात टॅक्स नाही, पण रिटर्नमध्ये ती करारामुळे माफ असलेलं उत्पन्न म्हणून शेड्यूल ईआय मध्ये दाखवायची.

ग्रीन कार्ड सोडलेलं असेल आणि तुम्ही अमेरिकन नागरिक नसाल तर सोशल सिक्युरिटीच्या ८५% भागावर ३०% कापतात, म्हणजे एकूण २५.५%. महिन्याला २००० डॉलर असतील तर ५१० जातात आणि १४९० हातात येतात, बजेट त्याप्रमाणे करा. सोशल सिक्युरिटी मिळायला ४० क्रेडिट म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम लागतं, आणि भारत-अमेरिकेत टोटलायझेशन करार नाही त्यामुळे नऊ वर्षं काम केलेल्याला इथली वर्षं जोडून मिळत नाहीत. तिकडून अधूनमधून एसएसए-७१६२ नावाचा फॉर्म टपालाने येतो, जिवंत आहात का, पत्ता काय असं विचारणारा. तो परत पाठवला नाही तर पैसे थांबतात, म्हणून टपालाचा पत्ता अद्ययावत ठेवा.

आता माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. मी ग्रीन कार्ड परत केलं होतं आणि ४०१के मधून दर तीन महिन्यांनी हप्ता घ्यायला सुरुवात केली. आपण अमेरिकेचे टॅक्स रेसिडेंट नाही हे सांगणारा डब्ल्यू-८बेन फॉर्म मी भरला, पण त्यातला कराराचा भाग रिकामा सोडला, आणि प्लॅन चालवणाऱ्या कंपनीनेही काही विचारलं नाही, सरळ ३०% कापायला लागले. मला वाटलं ठीक आहे, भारतात फॉर्म ६७ भरून क्रेडिट घेऊ. तसं होत नाही! नियम १२८ मध्ये लिहिलंय की कराराप्रमाणे जेवढा टॅक्स देय होता त्यापेक्षा जास्त परदेशात भरलात तर तो जास्तीचा भाग धरायचा नाही. कराराप्रमाणे अमेरिकेत देय होतं शून्य. म्हणजे भारतात पूर्ण टॅक्स भरायचा आणि तिकडचे ३०% परत मागायला १०४०-एनआर, म्हणजे नॉन रेसिडेंटचं अमेरिकेतलं रिटर्न, भरून वाट बघायची. मी आत्ता तेच करतोय. तुम्ही पहिला हप्ता घ्यायच्या आधी डब्ल्यू-८बेन मध्ये सोशल सिक्युरिटी नंबर आणि कलम २० चा उल्लेख टाका, आणि तो फॉर्म सही केलेल्या वर्षानंतर तीन कॅलेंडर वर्षं चालतो, मग नवा द्यावा लागतो, फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

करारात पेन्शन म्हणजे ठरावीक काळाने मिळणारी रक्कम असं म्हटलंय. त्यामुळे सगळे पैसे एकदम काढले तर त्याला पेन्शन म्हणायचं का यावर वाद होऊ शकतो. हप्त्याने घेणं मला त्यासाठीच जास्त सुरक्षित वाटतं.

अमेरिकन नागरिक असाल किंवा ग्रीन कार्ड ठेवलं असेल तर चित्र वेगळं. अमेरिका आपल्या नागरिकाला जगात कुठेही टॅक्स लावते आणि करारातही तो हक्क राखून ठेवलाय. मग पेन्शनवर भारतात टॅक्स भरून त्याचं क्रेडिट अमेरिकेत फॉर्म १११६ ने घ्यायचं, आणि हे दोन्ही देशांची कामं करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. शिवाय भारतातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर दरवर्षी एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती अमेरिकेला देणारा फॉर्म. भारतातले म्युच्युअल फंडही तिकडे फार त्रास देतात, परत आल्याच्या आनंदात एसआयपी सुरू करू नका. ग्रीन कार्ड १५ पैकी ८ वर्षं धरलं असेल तर ते परत करण्याआधी एक्झिट टॅक्सचे, म्हणजे अमेरिकेतून टॅक्सच्या दृष्टीने बाहेर पडताना लागणाऱ्या टॅक्सचे, नियम आणि फॉर्म ८८५४ बघा, २० लाख डॉलरच्या वर संपत्ती असेल तर खासच.

राज्याच्या टॅक्सची काळजी मात्र नको, १९९६ च्या फेडरल कायद्याने राज्यांना तिथून निघून गेलेल्या माणसाच्या पेन्शनवर टॅक्स लावायला बंदी आहे.

पायरी ६: रिटर्न भरताना

आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्या. आरओआर झाल्यावर शेड्यूल एफए मध्ये परदेशातलं प्रत्येक खातं दाखवायचं, त्यात उत्पन्न असो वा नसो, आणि त्यातला हिशोब जानेवारी ते डिसेंबर असतो, एप्रिल ते मार्च नाही. बंद पडलेलं जुनं सेव्हिंग अकाउंट, नवऱ्याबायकोचं जॉइंट खातं, एचएसए म्हणजे औषधोपचाराच्या खर्चासाठीचं खातं, सगळं. न दाखवल्यास ब्लॅक मनी अ‍ॅक्टखाली वर्षाला १० लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून बाकी मालमत्ता मिळून २० लाखांच्या आत असेल तर त्या दंडातून सुटका आहे, पण ४०१के असलेल्या माणसाची रक्कम बहुधा त्याच्या वरच असते. अमेरिका आणि भारत खात्यांची माहिती एकमेकांना देतात, त्यामुळे कोणाला काय कळणार हा विचार मनातून काढून टाका.

पेन्शनच्या डॉलरचे रुपये करताना स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो दर), तोही पेन्शनच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. मी दर महिनाअखेरीस ती पीडीएफ सेव्ह करतो, नंतर शोधत बसायला नको. परदेशी पेन्शनवर इथे टीडीएस कापला जात नाही, म्हणून ६० च्या आत असाल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेपर्यंत अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरायचा. साठी ओलांडलेल्या रेसिडेंटला धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर त्यातून सूट आहे, रिटर्नच्या वेळी एकदम भरलं तरी चालतं.

ब्रिटनहून येणाऱ्यांना दोन शब्द: तिथली स्टेट पेन्शन भारतात आल्यावर दरवर्षी वाढत नाही, आहे त्या आकड्यावर गोठते, आणि तिथे टॅक्स फ्री मिळणारी २५% रक्कम इथे आपोआप माफ होत नाही, म्हणून ती आधीच उचलायची का ते बघा. गल्फहून परतणाऱ्यांना ८९ए लागू नाही, त्यांनी नोकरी संपल्यावरची ग्रॅच्युइटी नॉन रेसिडेंट असतानाच, तिकडच्याच खात्यात घेऊन मग निघावं.

सीए निवडताना मी एकच गोष्ट विचारतो, फॉर्म १०ईई आतापर्यंत किती जणांचा भरलाय. कोथरूडमध्ये मी तिघांना विचारलं, दोघांनी फॉर्मचं नावच ऐकलं नव्हतं, तिसऱ्यांनी लगेच कागद काढून विचारलं की आरएनओआर कधी संपला आणि त्या दिवसाचं स्टेटमेंट आहे का. आता साडूंची फाइलही त्यांच्याकडेच जाणार आहे.